रिकामी खोली कुणाची?

वाचकांचे प्रश्न : कॉलेजातली जागा आणि वेळापत्रक

नवं शैक्षणिक वर्ष तोंडावर आलं की आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार असते : वर्ग पुरत नाहीत. मुंबईत कॉलेजला शेजारचा प्लॉट मिळत नाही. मजला चढवायचा तर परवानग्या, पैसा आणि दोन-तीन वर्षं धूळ. म्हणून या वेळी आहे त्या जागेबद्दल जरा खोलात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे २४ वर्ग आहेत. प्रत्येक विभाग म्हणतो खोली मिळत नाही, पण दुपारी चक्कर मारली तर निम्मे वर्ग मोकळे दिसतात. व्यवस्थापन नवा मजला चढवायच्या विचारात आहे. जागा खरंच कमी आहे का, हे कसं ठरवायचं?
– उपप्राचार्य, अंधेरी

आर्किटेक्टला बोलावण्याआधी एक आठवडा मोजणी करा. खर्च जवळपास शून्य, आणि नंतरच्या प्रत्येक बैठकीत ‘मला वाटतं’ऐवजी आकडा पुढे ठेवता येतो.

आठवडा नीट निवडा. प्रवेश चालू असताना मोजलं तर वर्ग अर्धवट भरलेले असतात. अंतर्गत परीक्षा, फेस्ट किंवा सुट्टी आली तर चित्र बिघडतं. पहिल्या सत्रात ऑगस्टचा पहिला आठवडा आणि दुसऱ्या सत्रात फेब्रुवारीचा पहिला आठवडा बहुधा बरा पडतो. सोमवार ते शनिवार सहाही दिवस मोजा. पावसाने लोकल ठप्प झाल्या तर त्या दिवसाचे आकडे टाकून द्या आणि पुढच्या आठवड्यात तोच वार पुन्हा मोजा.

प्रत्येक मजल्याला एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) एक विद्यार्थी नेमा. त्याने तास सुरू झाल्यावर २० मिनिटांनी फेरी मारायची. आधी मोजलं तर गाडी चुकलेली मुलं अजून जिन्यात असतात, शेवटी मोजलं तर हजेरी झाल्यावर उठून गेलेली हातातून सुटतात. तक्त्यात खोली, वेळ, प्रत्यक्ष डोकी, आत काय चाललंय आणि वेळापत्रकाप्रमाणे काय असायला हवं होतं, एवढे रकाने पुरतात. पंखे चालू होते का, हा एक रकाना वाढवलात तर वीजबिलासाठीही उपयोगी पडेल. आसनसंख्या मात्र दारावरच्या पाटीवरून घेऊ नका, पाटी लिहिल्यानंतर बाकं बदललेली असतात. बाकं मोजा आणि एका बाकावर दोघं नीट बसतात की तिघं, ते बसून बघा.

आता हिशेब. २४ खोल्या, दिवसाला ८ तास, ६ दिवस म्हणजे आठवड्याला १,१५२ ‘खोली-तास’. समजा त्यातल्या ६९० वेळा खोलीत वर्ग चालू दिसला, म्हणजे खोली वापरात असण्याचं प्रमाण ६० टक्के. या ६९० वेळांत सरासरी ४५ टक्के जागा भरलेल्या होत्या. दोन्हींचा गुणाकार २७ टक्के, हा तुमच्या आसनांचा खरा वापर. पहिल्यांदा मोजणाऱ्या कॉलेजला हा आकडा धक्का देतो. पण तो कुणाचा दोष दाखवण्यासाठी नाही, कुठे हात घालायचा ते कळण्यासाठी आहे.

त्यासाठी सरासरीवर थांबू नका, ताशी आकडे वेगळे काढा. सकाळी ९ ते १२ मध्ये ९५ टक्के खोल्या भरलेल्या आणि अडीचनंतर २५ टक्के, असं निघालं तर प्रश्न वेळापत्रकाचा आहे. खोल्या दिवसभर वापरात पण १२० आसनांच्या वर्गात ४० मुलं, असं असेल तर वर्गांची अदलाबदल हवी. आणि वेळापत्रकात लेक्चर, प्रत्यक्षात खोली रिकामी, असे तास १० टक्क्यांच्या वर गेले तर खोल्या उगाच अडवून ठेवल्या जात आहेत. नवा मजला हवा म्हणायला आमचा ठोकताळा असा : सगळ्या तासांना ८० टक्क्यांहून जास्त खोल्या वापरात असाव्यात आणि आसनं ६५ टक्क्यांपर्यंत भरलेली असावीत. त्याखाली मजल्याचा विचार करू नये. शंभर टक्क्यांच्या मागेही लागू नका. ८५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर एक खोली गळायला लागली किंवा एक प्रोजेक्टर बंद पडला तरी दिवसभराचं गणित कोसळतं, कारण हलायला जागाच उरलेली नसते.

प्रश्न : आमच्या विभागाच्या दोन खोल्यांत आम्ही स्वखर्चाने स्क्रीन आणि ध्वनियंत्रणा बसवली. आता प्राचार्य म्हणतात की त्या ‘सर्वांच्या’ होणार. उद्या काही मोडलं तर जबाबदार कोण?
– विभागप्रमुख, वाणिज्य शाखा, ठाणे

तुमची भीती रास्त आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय कोणतीही सामायिक योजना टिकत नाही. खोल्या एकत्र करण्याचे बहुतेक प्रयत्न फसतात ते याच ठिकाणी : आदेश निघतो, किल्ल्या जमा होतात, महिनाभरात माइकची वायर तुटते, दुरुस्ती कुणी करायची यावर पत्रव्यवहार होतो आणि विभाग किल्ली परत आपल्या कपाटात ठेवतो. तेव्हा प्राचार्यांकडे पुढच्या गोष्टी लेखी मागा, आणि त्या मिळाल्या तर मोकळ्या मनाने खोल्या द्या.

पहिला हक्क तुमचाच राहावा. सत्र सुरू व्हायच्या ४ आठवडे आधीपर्यंत तुमच्या विभागाने आपले तास त्या खोल्यांत टाकावेत. ती तारीख उलटली की उरलेले तास केंद्रीय वेळापत्रक समितीचे. म्हणजे खोली ‘तुमची’ राहते, मोकळा तास मात्र कॉलेजचा होतो.

दुरुस्तीचा पैसा विभागाच्या नव्हे, मध्यवर्ती खात्यातून जावा. खोलीत कायमच्या बसवलेल्या वस्तूंची यादी आताच करून दोन्ही बाजूंनी सही करा : स्क्रीन १, स्पीकर २, ॲम्प्लिफायर १, कॉर्डलेस माइक २, अशी नगवार. माइक आणि रिमोट खोलीत सोडू नका. ते शिपायाकडच्या डब्यात ठेवा, देताना-घेताना सही घ्या. हरवतात त्या याच वस्तू.

किल्ल्या विभागात न राहता मुख्य गेटच्या चौकीत किंवा कार्यालयातल्या किल्ल्यांच्या फळीवर टांगलेल्या असाव्यात, शेजारी रजिस्टर. विभागाकडे किल्ली राहिली की शिपाई रजेवर असण्याच्या दिवशी खोली आपोआप तुमचीच होते, मग कागदावर काहीही असो.

दारावर आठवड्याचं वेळापत्रक चिकटवा, आणि वर्ग सुरू होऊन १५ मिनिटांत कुणी आलं नाही तर खोली त्या तासापुरती मोकळी समजली जाईल, हा नियमही त्याच कागदावर छापा. रिकाम्या खोलीसाठी जिन्यात उभ्या राहिलेल्या ६० मुलांना हा एक नियम बराच दिलासा देतो. एकच प्राध्यापक सत्रात तीनदा खोली अडवून आले नाहीत, तर विभागाला फोन जावा. जाहीर यादी लावू नका, त्याने चीड वाढते आणि खोल्या आणखी घट्ट धरल्या जातात.

प्रश्न : नव्या धोरणाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय) आल्यापासून आमच्या वेळापत्रकात रोज क्लॅश निघतात. सॉफ्टवेअर घ्यावं का?
– टाइमटेबल इन-चार्ज, कल्याण

सॉफ्टवेअरच्या आधी सांगाडा बदला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यात स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झाली. तोपर्यंत वेळापत्रक विभागाविभागाने बनत होतं आणि ते चालत होतं, कारण एका वर्गाची मुलं दिवसभर एकत्र राहायची. आता मेजर म्हणजे मुख्य विषय एका विभागात, मायनर म्हणजे दुय्यम विषय दुसऱ्यात, ओपन इलेक्टिव्ह तिसऱ्याच शाखेत. वेळापत्रकाचं एकक वर्ग उरलेला नाही, ते विद्यार्थी झालं आहे. जुन्या पद्धतीत हे बसणार नाही.

उपाय आहे स्लॉटचा. आठवड्याचे तास ठरावीक गटांत बांधा. उदाहरणार्थ ‘क’ स्लॉट म्हणजे सोमवार आणि गुरुवारचा चौथा तास. विषयाला तास देऊ नका, स्लॉट द्या. दोन विषय वेगळ्या स्लॉटमध्ये असतील तर विद्यार्थी ते बिनधास्त एकत्र घेऊ शकतो, तपासायची गरज नाही. पवईच्या आयआयटीत विषय असेच स्लॉटवर चालतात.

ओपन इलेक्टिव्हना सगळ्या कॉलेजसाठी एकच स्लॉट देण्याचा मोह होतो. इथेच चूक होते. त्या तासाला प्रथम आणि द्वितीय वर्षाचे सगळे गट एकदम खोल्या मागतात, १८ गट असतील तर १८ खोल्या, त्याही मोठ्या. प्रथम वर्षाला एक स्लॉट आणि द्वितीय वर्षाला दुसरा दिलात की मागणी निम्म्यावर येते.

तासांचा हिशेबही एकदा तपासा. थिअरीचं १ क्रेडिट १५ तासांचं, म्हणून २ क्रेडिटचा विषय ३० तासांचा. घड्याळाचा तास धरला आणि तुमचं लेक्चर ५० मिनिटांचं असेल, तर ३६ लेक्चरं लागतात. आठवड्याला दोन धरून १५ आठवड्यांत ३० च होतात. उरलेली ६ लेक्चरं सत्राच्या शेवटी ‘एक्स्ट्रा’ म्हणून घुसतात आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर खोल्यांची मारामारी होते. ही टंचाई जूनमध्येच पेरलेली असते.

मग भरायचा क्रम. सगळ्यात अडचणीचं आधी बसवा : प्रयोगशाळा, मग दोन विभागांत शिकवणारे आणि बाहेरून ठरावीक दिवशी येणारे प्राध्यापक, मग १०० च्या वरचे वर्ग, शेवटी छोटे वर्ग. उलटं केलंत तर छोटे वर्ग मोठ्या खोल्यांत पसरतात आणि शेवटी १२० मुलांना जागा उरत नाही.

प्रयोगशाळेचं गणित वेगळं मांडा, कारण खरी अडचण बऱ्याचदा तिथेच असते आणि दोष वर्गखोल्यांना मिळतो. समजा रसायनशास्त्राची २० जणांची एक लॅब आहे. प्रथम वर्षाच्या ६ बॅच, आठवड्याला एक प्रॅक्टिकल म्हणजे ६ सत्रं. द्वितीय वर्षाच्या ४ बॅच, दोन-दोन, म्हणजे ८. तृतीय वर्षाच्या ३ बॅच, तीन-तीन, म्हणजे ९. एकूण २३. दोन तासांची तीन सत्रं रोज चालवलीत तर सहा दिवसांत १८ होतात. कमी पडली ५. सोमवार ते शुक्रवार सकाळी लवकर चौथं सत्र वाढवलं तर बरोबर २३ होतात, पण द्रावणं बनवायला, काचसामान धुवायला आणि गॅसची नळी बदलायला लॅब असिस्टंटला वेळच राहत नाही. म्हणून तृतीय वर्षाचं एक प्रॅक्टिकल उपकरणांच्या खोलीत हलवा. मागणी २० वर येते, चौथं सत्र धरून झालेल्या २३ पैकी तीन सत्रं मोकळी राहतात. ती मोकळीच ठेवा.

हे सगळं कागदावर जमलं की सॉफ्टवेअर. एफईटी हे मोफत आणि मुक्तस्रोत आहे, साध्या संगणकावर चालतं, मध्यम कॉलेजला पुरतं. मोठ्या विद्यापीठासाठी युनिटाइम आहे, तेही मुक्तस्रोत. विद्यार्थ्यांच्या निवडी धरून ते वर्ग आणि खोल्या लावतं, पण सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. दोन्हींत निम्म्याहून जास्त वेळ माहिती साफ करण्यात जातो. एकाच प्राध्यापकांचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर सॉफ्टवेअर त्यांना तीन माणसं समजतं आणि एकाच तासाला तीन वर्गांवर पाठवतं.

प्रश्न : सात मजली इमारत, दोन लिफ्ट. प्रत्येक तासाला पाच-दहा मिनिटं मुलं लिफ्टपाशीच अडकतात. तिसरी लिफ्ट बसवायला जागा नाही.
– प्राध्यापिका, घाटकोपर

१३ माणसांच्या लिफ्टला वर जाऊन खाली यायला थांबे धरून २ मिनिटं लागत असतील, तर १० मिनिटांत ५ फेऱ्या, ६५ जण. दोन्ही लिफ्ट मिळून १३०. वरच्या तीन मजल्यांवर एकाच वेळी ४०० मुलांचे तास असतील तर कोणतीही शिस्त हा आकडा बदलणार नाही. बदलायचं ते खोल्यांचं वाटप. मोठे वर्ग पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आणा, तिथे मुलं जिन्याने जातात. वर छोटे वर्ग, ट्यूटोरियल, प्राध्यापकांच्या खोल्या, संशोधनाच्या जागा. एका तुकडीचे लागोपाठचे तास एकाच मजल्यावर ठेवा, मुलांनी खोली बदलण्यापेक्षा प्राध्यापकांनी बदललेली बरी. आणि वरच्या मजल्यांचे तास १० मिनिटं उशिरा सुरू करा, सुटतीलही तसेच.

मुंबई विद्यापीठाच्या कलिनासारख्या पसरलेल्या आवारात हाच प्रश्न आडवा होतो. एका इमारतीतून दुसरीत जायला १० मिनिटं लागतात आणि जुलैत त्याहून जास्त, म्हणून तिथे लागोपाठचे तास दोन इमारतींत टाकूच नयेत.

एक गोष्ट लिफ्टच्या भरवशावर कधीच सोडू नका. वर्गात व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी असेल तर त्याच्या पूर्ण तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर हलवा, आणि त्याने अर्ज करायची वाट न पाहता प्रवेशाच्या अर्जावरूनच ते करा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि रॅम्पचा चढ १२ ला १ पेक्षा उभा नाही, हे टेप लावून बघा. उंबरा राहिला असेल तर तो काढायला एक दिवस पुरतो.

प्रश्न : परीक्षेच्या काळात बाकीचे वर्ग बंद ठेवावे लागतात. टाळता येईल का?
– परीक्षा विभाग, वसई

बऱ्यापैकी. परीक्षेची आसनसंख्या वेगळी लिहून ठेवा. शिकवताना ९० बसवणाऱ्या ३० बाकांच्या खोलीत परीक्षेला बाकागणिक एक धरला तर ३० च बसतात. दोन वेगळ्या विषयांचे पेपर एकाच वेळी ठेवून प्रत्येक बाकावर दोन्ही विषयांचा एकेक विद्यार्थी बसवला तर त्याच खोलीत ६०. म्हणजे पेपरांच्या जोड्या नीट लावल्या की ब्लॉक, म्हणजे परीक्षेच्या खोल्या, निम्मे होतात आणि पर्यवेक्षकही कमी लागतात. सगळे ब्लॉक एकाच पंखात किंवा सलग दोन मजल्यांवर घ्या. पाण्याचं टाकं, स्वच्छतागृह आणि जिना त्याच बाजूला हवा, नाहीतर मुलं वर्ग चालू असलेल्या भागातून जातात आणि दोन्हीकडे गोंधळ होतो. रविवारी स्पर्धा परीक्षांचं केंद्र असेल तर शनिवारी दुपारनंतर त्या खोल्यांत काही ठेवू नका, बाकं लावायला आणि आसनक्रमांक चिकटवायला तीन-चार तास जातात.

प्रश्न : आमची इमारत वारसा यादीत आहे. भिंतीला खिळाही मारता येत नाही, मग वर्ग आधुनिक कसे करायचे?
– वाचक, फोर्ट

भिंतीला हात न लावता बरंच होतं. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे, आणि ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह, त्यात राजाबाई टॉवरसह विद्यापीठाची इमारतही येते, २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा काहीही बसवण्याआधी वारसा संवर्धन समितीची परवानगी लागेल का, ते विचारा. चाकाच्या स्टँडवरचा ६५ किंवा ७५ इंची टीव्ही प्रोजेक्टरपेक्षा बरा, कारण उंच खिडक्यांच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो. वायर जमिनीवर रबरी पट्टीखालून न्या. उंच छतामुळे आवाज घुमतो. त्याला जाड पडदे, मागच्या बाजूला स्टँडवरचे सॉफ्टबोर्ड आणि बाकांखाली काथ्याची चटई, याने फरक जाणवतो. अशा खोल्यांत ४० च्या आतले वर्ग आणि चर्चासत्रं ठेवा, १२० मुलांचं लेक्चर नको.

प्रश्न : तळमजल्याच्या दोन खोल्या मोडक्या बाकांनी आणि जुन्या संगणकांनी भरल्या आहेत. ऑडिटच्या भीतीने कुणी हात लावत नाही.
– कार्यालयीन अधीक्षक, दादर

तळमजल्याच्या दोन खोल्या म्हणजे मुंबईत मोठं धन आहे, सोडू नका. आधी खोलीतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीशी, जुळवा. वस्तूवर रंगवलेला क्रमांक, रजिस्टरचं पान, खरेदीचं वर्ष, किंमत आणि आजची अवस्था, असा तक्ता करा. नोंद आहे पण वस्तू नाही आणि वस्तू आहे पण नोंद नाही, अशा दोन वेगळ्या याद्या निघतील. त्या लपवू नका, ऑडिटरला अडचण होते ती लपवलेल्या यादीची. दुरुस्त होण्याजोगी बाकं वेगळी काढा. एका बाकाच्या पायांवर दुसऱ्याची फळी बसवून तीन मोडक्यांतून दोन चांगली निघतात.

उरलेल्यांसाठी निर्लेखन (निकामी वस्तू नोंदीतून काढण्याची) समिती नेमा, तिचा ठराव व्यवस्थापनाकडून मंजूर करून घ्या, मग किमान तीन भंगारवाल्यांची सीलबंद दरपत्रकं मागवा. लोखंड आणि लाकूड वेगळे दर मागा, एकत्र दिलं तर लाकडाच्या भावात लोखंड जातं. वजन तुमच्या माणसासमोर काट्यावर व्हावं आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच गाडी गेटबाहेर जावी. क्रमांकासमोर रजिस्टरमध्ये ठरावाची तारीख लाल शाईने लिहा.

संगणक या ढिगात देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरलाच ते द्यायचे आणि पावती जपून ठेवायची. देण्याआधी हार्डडिस्क काढून घ्या. त्यांत मुलांचे गुण, पत्ते आणि बँकखाती असू शकतात. जुन्या उत्तरपत्रिका सापडल्या तर त्या जपण्याची मुदत संपली आहे का, ते परीक्षा विभागाकडून लेखी घ्या आणि मगच पगारी माणसासमोर त्यांचा लगदा करायला पाठवा. खोली मोकळी झाली की त्याच आठवड्यात तिला क्रमांक देऊन वेळापत्रकात टाका. महिनाभर रिकामी राहिली तर पुन्हा कुणीतरी एक मोडकं कपाट तिथे आणून ठेवेल.